कोकम सरबत, सेलोटेप आणि भावजींची ट्रंक

पत्र

आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, जुनं कौलारू. धाकटे दीर डोंबिवलीला असतात. त्यांच्या शाळेतल्या दिवसांतल्या इंद्रजाल कॉमिक्सची एक पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, चाळीसेक अंक असतील. जुलैच्या वादळात कौलं सरकली आणि ट्रंकेत पाणी गेलं. मी सगळे अंक खाली काढून चुलीजवळ वाळवले. तळातले दोन एकमेकांना चिकटलेत, सुटत नाहीत. काहींवर बुरशी दिसते. त्यातच माझ्या मुलाने (वय आठ) एक अंक वाचायला घेतला आणि त्यावर कोकम सरबत सांडलं. तेही नेमकं पहिल्या पानावर, जिथे भावजींनी लहानपणी शाईपेनाने नाव, इयत्ता लिहून खाली ‘चोरेल त्याला कवटीची खूण’ अशी तंबी दिलीय. दुसऱ्या एका, वेताळाच्या (म्हणजे कवटीची खूण उमटवणाऱ्या फॅन्टमच्या) अंकाचं कव्हर पोरांच्या ओढाताणीत अर्ध्यापर्यंत फाटलं, ते मी आतून सेलोटेपने जोडलं. भावजी गणपतीला आले की दरवर्षी ट्रंक उघडतात. त्याआधी हे सगळं कळणार नाही असं दुरुस्त करता येईल का? की तेच अंक विकत घेऊन ठेवू? भाचा म्हणतो ऑनलाइन मिळतात.

— एक धास्तावलेली वहिनी

उत्तर

ताई, कळणार नाही असं दुरुस्त करता येणार नाही, हे आधी सांगून टाकतो. जो माणूस आरत्या आणि भजनांच्या धबडग्यातून दरवर्षी माळ्यावर चढून ट्रंक उघडतो, त्याला कुठल्या अंकाची पिन गंजलीय आणि कुठल्याचा कोपरा दुमडलाय हे पाठ असतं. सेलोटेपची चकाकी त्याला दारातून दिसेल. तेव्हा गणपतीपर्यंतचे दिवस लपवाछपवीत घालवू नका. नुकसान आहे तिथे थांबवा, भावजींना आताच कळवा, आणि ज्या गोष्टी नंतर उलट फिरवता येत नाहीत त्यांना हात लावू नका. पुढे जे सांगतोय ते सगळं याच हिशेबाने.

चुलीजवळ वाळवलेत, ते झालं. उष्णतेने कागद आकसतो, वाकडा होतो, पण फुकट जात नाही. मात्र आपल्या किनाऱ्यावर अर्ध्या घरांत पावसाळ्यात कुठे ना कुठे गळतं, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी लिहून ठेवतो. पुस्तक भिजलं की साधारण दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. तेवढ्यात सगळं वाळवणं जमणार नसेल तर ओला अंक बटर पेपरमध्ये गुंडाळा, झिपच्या पिशवीत घाला आणि सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, आणि मग सवडीने एकेक अंक बाहेर काढून वाळवता येतो. श्रावणात बहुतेक घरांतला फ्रीझर रिकामाच असतो. नसेल तर बांगडे त्याच दिवशी खाऊन टाका.

वाळवताना ऊन नको, इस्त्री नको, हेअर ड्रायर नको. खोलीत पंखा हळू लावायचा, वारा थेट पानांवर येऊ द्यायचा नाही. थोड्या थोड्या पानांआड टिपकागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. प्रत्येक पानाआड घातला तर मधली घडी ताणली जाऊन पिनेपाशी फाटते. कव्हर गुळगुळीत असेल तर ते ओलं असतानाच शेजारच्या पानापासून अलगद वेगळं करून मध्ये बटर पेपर सरकवायचा. गुळगुळीत कागदावर जो थर असतो तो ओला झाला की चिकट होतो, आणि दोन कव्हरं तशीच वाळली की एकमेकांना धरून बसतात.

तुमच्या तळातल्या दोन अंकांचं बहुधा हेच झालंय. ते ओढू नका, मधून सुरी घालू नका, वाफ देऊ नका. वाफेने सुटतील असं वाटतं, पण सुटताना एका कव्हरचा रंग दुसऱ्यावर उतरतो आणि मग दोन्ही जातात. जोडी आहे तशी बटर पेपरमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा. हे घरचं काम नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलावस्तू संवर्धन केंद्र आहे, जिथे कागदावर काम करणारी जाणकार माणसं आहेत. भावजी डोंबिवलीलाच आहेत. त्यांना वाटलं तर तिथे विचारपूस करणं त्यांना सोपं.

बुरशीकडे मात्र आजच बघा. पांढरी, भुरी किंवा हिरवट पूड दिसते ती ओल्या फडक्याने पुसायची नाही, पुसली की ती कागदाच्या तंतूंत आत बसते. अंक आधी कोरडा हवा. मग पडवीत, दारा-खिडक्यांपासून थोडं लांब, मुलांना आणि दम्याच्या माणसाला दूर ठेवून, तोंडाला एन-९५ मास्क लावून, चित्रकलेच्या रुंद मऊ ब्रशने पूड स्वतःपासून बाहेरच्या दिशेला झाडायची. नंतर तो ब्रश दुसऱ्या कशाला वापरू नका. बुरशी लागलेले अंक निरोगी अंकांपासून वेगळे ठेवा. झाडल्यावर जे तपकिरी ठिपके राहतात ते राहू देत. ब्लीच, लिंबू, हायड्रोजन पेरॉक्साइड हे मोबाइलवरचे उपाय ठिपक्याबरोबर चित्राचा रंगही नेतात.

आता त्या कवटीच्या खुणेचं पान. इथे तुमचा हात सगळ्यांत जास्त शिवशिवेल, आणि इथेच सगळ्यांत कमी करायचंय. कोकमाचा लाल रंग पाण्यात विरघळतो हे तुम्हाला कपड्यांवरून माहीत आहे, त्यामुळे ओल्या कापसाने टिपला तर निघेल असं वाटणारच. पण शाईपेनाची शाईही पाण्यात विरघळणारीच असते. डाग पुसायला जाल आणि नाव, इयत्ता, तंबी सगळं निळ्या ढगात मिसळून जाईल. दुसरी गोष्ट या कागदाची. जुन्या कॉमिक्सचा कागद लाकडाच्या लगद्याचा, वर्तमानपत्राच्या जातीचा. त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो, आतल्या आत आम्ल तयार होऊन ठिसूळ होतो. अशा कागदाचा एकच तुकडा ओला केला की ओल पसरत जाते, जाताना आतला पिवळेपणा वाहून नेते आणि जिथे थांबते तिथे तपकिरी रेघ उमटवते. लाल डाग गेला तरी त्याच्याभोवती नवा डाग येतो, आणि तो आधीच्यापेक्षा हट्टी असतो.

खरी काळजी सरबतातल्या साखरेची. नुसतं आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) असतं तर मी काहीच करू नका म्हटलं असतं. साखर हवेतली ओल धरते, मुंग्या बोलावते आणि बुरशीला खाऊ घालते. म्हणून पान तिरकं धरून खिडकीच्या उजेडात बघा. साखरेचा थर कुठे कडक, चमकदार दिसत असेल तर तेवढाच बोथट सुरीच्या पात्याने, कागदाला समांतर धरून, कोरडाच खरवडून काढा. अक्षरांपासून बोटभर अंतरावर थांबा. मग पानाच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवा आणि हा एक अंक वेगळ्या पिशवीत घाला, म्हणजे मुंग्या बाकीच्यांकडे वळणार नाहीत. डाग राहील. त्या पानावर एका पोराची तंबी आहे आणि तिच्याखाली त्याच्या पुतण्याचं सरबत. भावजींना हे कदाचित तुम्ही समजता तितकं वाईट वाटणार नाही.

सेलोटेपबद्दल थोडं चिडून लिहितोय, रागावू नका. आरवलीचा वेतोबा, म्हणजे ग्रामदैवत वेताळ, ज्या तालुक्यात रात्री वहाणा झिजवत फिरतो, तिथे वेताळाच्या कव्हरला सेलोटेप! गंमत सोडा. या पट्टीचा गोंद पहिली काही वर्षं साळसूद असतो. मग तो पिवळा पडतो, तेलकट होऊन कागदात झिरपतो, वरचं प्लॅस्टिक वाळून गळून पडतं आणि मागे राहतो तो तपकिरी पट्टा, जो तज्ज्ञालाही पूर्ण काढता येत नाही. म्हणून कधीतरी ती काढायला हवीच. पण आज नाही, आणि तुम्ही नाही. ताजी पट्टी ओढली की तिच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा येतो. रॉकेल, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी गोंद सुटतो हे खरं आहे, आणि छपाईची शाईही सुटते हेही तितकंच खरं आहे. ती पट्टी अजून दोन महिने तिथे राहिल्याने जे होईल ते ओढण्याने होणाऱ्या नुकसानीपुढे काहीच नाही.

मग फाटलेलं पान जोडायचं तरी कसं? हे शिकण्यासारखं आहे, कारण घरात आठ वर्षांचा मुलगा असताना हा प्रसंग पुन्हा येणार. जगभरच्या ग्रंथालयांत फाटका कागद जपानी टिश्यूने जोडतात. हा तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला, लांब तंतूंचा, अतिशय पातळ पण चिवट कागद. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो. गोंद म्हणून परंपरेने गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. कोकणासाठी माझं मत वेगळं आहे. आपल्या दमट हवेत खळ म्हणजे कसर आणि झुरळांना मेजवानी. त्यापेक्षा मिथाइल सेल्युलोजची पूड घ्या. तीन-चार ग्रॅम पूड १०० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून रात्रभर ठेवली की सकाळी पारदर्शक, दाटसर चीक तयार होतो. चिकटायला तो खळीपेक्षा कमजोर आहे, पण कॉमिक्सच्या पानाला पुरतो. आणि मुख्य म्हणजे पुढे कधी जोड सोडवायची वेळ आली तर थोड्या ओलीने सुटतो. फेविकॉल सुटत नाही, फेव्हिक्विक तर कागद काचेसारखा कडक करून टाकतं.

जोडण्याआधी फाट नीट बघा. कागद सरळ फाटत नाही, तिरका फाटतो. दोन्ही कडांना पांढरट ओठ दिसतात, एक वर जाणारा, एक खाली जाणारा. ते ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने एकमेकांवर बसले पाहिजेत. उलटे बसले तर चित्रात पांढरी रेघ राहते आणि वेताळाचा हात कोपरापासून सरकलेला दिसतो. फाट जुळली की टिश्यूची पट्टी घ्यायची, अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी रुंद. ती कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ मारून हाताने फाडायची, म्हणजे कडेला केसासारखे तंतू मोकळे राहतात आणि जोड कागदात मिसळून जातो. चीक टिश्यूला लावायचा, अंकाला नाही, आणि तोही जेमतेम. पट्टी आतल्या बाजूने फाटीवर ठेवायची, वर-खाली बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर वजन. पंधरा मिनिटांनी टिपकागद बदलायचा आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत उघडून बघायचं नाही. पावसात दोन दिवस थांबा. वजनाला घरातले दोन सपाट पाट उत्तम, गणपतीसाठी माळ्यावरून निघतातच. सराव आधी एखाद्या जुन्या दिवाळी अंकावर करा. भावजींच्या एकाही अंकावर त्यांनी हो म्हटल्याशिवाय नको.

पिनांबद्दल विचारलं नाहीत, पण खारी हवा आणि गळती, त्यामुळे त्या गंजल्या असणारच. त्यांना हात लावू नका. नवीन पिना मारणं तर अजिबात नको.

आता विकत घेण्याचं. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. मराठी अंकही निघत. अमर चित्रकथा १९६७ पासून निघते आहे आणि तिची पुस्तकं आजही नवीन छापून मिळतात, तेव्हा तिची फाटलेली प्रत बदलून ठेवता येते. इंद्रजालचा जुना अंक मिळतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रंकेतून आलेला, आणि संग्राहकांच्या बाजारात किंमत सांगणाऱ्याच्या मनावर असते. तुम्हाला भाव माहीत नाही, प्रत ओळखता येत नाही. फसवणूक व्हायला आणखी काय लागतं? शिवाय भावजींच्या अंकावर त्यांचं नाव आहे. विकतच्या अंकावर कुठल्यातरी वाचनालयाचा शिक्का असेल.

दुरुस्तीचा आणि किमतीचा संबंधही समजून घ्या, कारण गुपचूप दुरुस्त करण्यातला खरा धोका तिथे आहे. संग्राहक फाटक्या अंकाला कमी किंमत देतो. पण फाटका असून न फाटल्यासारखा दाखवलेला अंक हाती आला तर तो विकणाऱ्याला खोटारडा म्हणतो. अमेरिकेत कॉमिक्सच्या प्रती तपासून त्यांना १० पैकी गुण देणारी सीजीसी नावाची कंपनी आहे. ती सर्वसाधारण प्रतीला निळं लेबल लावते आणि जिच्यावर रंग भरणं, तुकडे जोडणं अशी डागडुजी झालीय तिला जांभळं. जांभळं लेबल दिसलं की बरेच ग्राहक मागे सरतात. भावजी अंक विकणार नाहीत म्हणाल, आणि बहुधा विकणारही नाहीत. पण उद्या कधी विकले तर त्यांना स्वतःलाच ठाऊक नसलेली दुरुस्ती त्यांच्या माथी येईल. म्हणून कव्हरच्या फाटीवर जो पांढरा कागद उघडा पडलाय तिथे मुलाचे स्केचपेन लावून रंग जुळवायचा विचार मनात आला असेल, तर काढून टाका.

बाकीचे चांगले अंक कसे ठेवायचे? ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवू नका. कौलांखाली दिवसा तापतं, रात्री गार होतं, आणि पत्र्याच्या आत दव धरतं. सध्या सगळे अंक माजघरातल्या लाकडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, आडवे ठेवा. रबरबँड लावून गठ्ठा करू नका. डांबर गोळ्या नकोत, त्यांचा वास पोरांच्या डोक्यात जातो. कडुलिंबाचा पाला वाळेपर्यंत कागदावर डाग सोडतो. दर चार-पाच दिवसांनी कपाट उघडून नजर टाका, यासारखा उपाय नाही.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांची घाई तर मुळीच नको. आज श्रावणात पिशवी बंद केलीत तर आत कोकणातला पावसाळा बंद होईल. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली, अंक हाताला खडखडीत लागायला लागले, की मग पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या, आत आम्लविरहित पुठ्ठा, सोबत सिलिका जेलची पुडी. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पिशव्या घेऊ नका, त्या कालांतराने चिकट होतात. लॅमिनेशन करून देतो असं बाजारातला झेरॉक्सवाला म्हणेल. त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

मुलाला फार बोलू नका. आठव्या वर्षी कुणी मोबाइल बाजूला ठेवून जुना वेताळ वाचायला घेतला, हे त्याच्या काकाला ऐकायला आवडेल. एवढंच ठरवून टाका की वाचायचं ते ओटीवर, हात पुसून, सरबताचा पेला खाली असताना.

आणि फोन. तो तुम्हीच करा, तुमच्या यजमानांना करायला लावू नका. त्यांनी केला तर ‘अरे, पोरांनी जरा खराब केलंय’ एवढ्यावर भागवतील आणि भावजींना प्रत्यक्ष बघेपर्यंत काही कळणार नाही. आधी दिवसाच्या उजेडात फोटो काढा: चिकटलेली जोडी, बुरशीचे अंक, कोकमाचं पान, सेलोटेप आतून आणि बाहेरून. चांगले राहिलेले अंकही एका फोटोत मांडा, म्हणजे किती वाचलेत ते दिसेल. फोटो फोननंतर पाठवा, आधी नको. काय झालं, तुम्ही काय केलंत, सेलोटेप तुम्हीच लावलीत, सगळं सांगा. कौलं सरकली हा तुमचा दोष नाही, आणि इतकी वर्षं ट्रंक माळ्यावर ठेवणाऱ्यानेही मे महिन्यात शाकारणीच्या वेळी एकदा चौकशी करायला हरकत नव्हती. हे मात्र तुम्ही बोलू नका, त्यांच्या लक्षात आपोआप येईल. मग विचारा, चिकटलेले अंक मुंबईला पाठवू का, की तुम्ही आल्यावर नेता? फाटलेल्या कव्हरचं काय करायचं? ते जे म्हणतील ते करा, काहीच करू नका म्हणाले तरी.

रविवारी सकाळी दहाच्या पुढे करा. इतर दिवशी त्या वेळेला ते लोकलमध्ये लटकत असणार.